मोहर्लीच्या रस्त्यावरचा डिपर

सैफ शेखच्या नावाची पाटी धरून मी नागपूरच्या विमानतळाबाहेर उभा होतो. ज्या सैफसोबत मी सहा वर्षं एकच सुमो चालवली, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने मागच्या सीटवर घोरायचं असे दिवस काढले, ज्याला एकदा भांडणात भद्रावतीजवळ गाडीतून उतरवून दोन किलोमीटर पायी चालायला लावलं, त्या सैफच्या नावाआधी आता 'मिस्टर' लागलं होतं. कागद रिसॉर्टच्या मॅनेजरने छापून दिला होता. वर मिस कतेरिना, खाली मिस्टर सैफ शेख. मी पाटी अशी धरली की माझा अंगठा बरोबर 'मिस्टर'वर यावा.

पाटी धरायची मला लाज नाही. माझं कामच ते आहे. विमानतळावरून पाहुणे उचलायचे, साडेतीन तासांत मोहर्लीला रिसॉर्टवर सोडायचे, वाटेत जाम गावाच्या फाट्यावर चहा पाजायचा, आणि ताडोबाच्या सफारीतून वेळ उरला तर चंद्रपूर फिरवायचं. जर्मन, जपानी, पुण्याचे जोशी, कोणाकोणाची नावं धरली मी. एकाही नावाने कधी पोटात दुखलं नव्हतं.

शिवाय मॅनेजर म्हणाला होता, "धनराजभाऊ, पाहुण्यांनी खास तुमचीच गाडी मागितली." मागितलीच असणार. स्वतः मागे रेलून बसायचं आणि मला गाडी हाकताना बघायचं, ही हौस सैफला नाही भागवायची तर कोणाला?

हे सगळं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. ग्रीसहून एक दाढीवाला पाहुणा आला होता. चार दिवस आम्ही दोघांनी त्याला फिरवलं. जाताना तो म्हणाला, माझी मावशी एका बेटावर राहते, तिच्या सात व्हॅन आहेत, विमानतळावरून पाहुणे आणायचे आणि बेट दाखवायचं, तिला माणसं मिळत नाहीत, तुम्ही दोघं या. मी चारचौघांत हसलो. मोहर्लीच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं की हा माणूस नेऊन किडनी काढून घेणार. लोकही हसले. सैफ हसला नाही. त्याने पासपोर्ट काढला आणि गेला.

पहिलं वर्ष त्याने तिथे गाड्या धुतल्या आणि बॅगा उचलल्या. तोवर मी सुखी होतो. मग त्याला तिथलं लायसन्स मिळालं आणि त्याचे व्हिडिओ यायला लागले. पांढरी घरं, निळा समुद्र, काळी चकचकीत व्हॅन, आणि व्हॅनला टेकून चष्मा लावलेला आमचा सैफ. गावात कोणीही भेटलं की आधी मोबाइल पुढे करायचा. "पाह्यलं का भाऊ, सैफचं?" पाहिलं बाबा, पाहिलं. रात्री अंथरुणात पडून पुन्हा पाहिलं, आवाज बंद करून, बायकोला कळू नये म्हणून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि तरी मी बघायचो.

मागच्या पावसाळ्यात मी गुपचूप पासपोर्ट काढला. दिव्यानीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं की ओळखपत्र म्हणून कामाला येतो. ती 'बरं' म्हणाली. पण डिसेंबरमध्ये ती चंद्रपूरला सैफच्या आईकडे, जाहिदाचाचीकडे जाऊन आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अजी, ऐका. सैफच्या मॅडमले अजून एक डायवर पाहिजे. एप्रिल ते ऑक्टोबर. आपल्या इकडचाच पाहिजे म्हणे. जानेवारीत सैफसंग ते स्वतः येऊन राह्यली, पाहूनच ठरवणार."

"मंग मी काय करू?" मी म्हणालो.

"तुमचा तो पासपोर्ट काय ओळखपत्र म्हणून काढला तुम्ही? मले काय येडी समजता?" मग जरा मऊ होऊन म्हणाली, "चार दिवस तोंड गोड ठेवा जी. मंग जळत बसा पाह्यजे तेवढे."

म्हणून मी पाटी धरून उभा होतो. मला ते काम हवं होतं. खोटं कशाला बोलू, कामाहून जास्त मला हे हवं होतं की पुढचा व्हिडिओ माझा यावा आणि टपरीवर लोकांनी तो एकमेकांना दाखवावा.

कतेरिना मॅडम, म्हणजे ती सात व्हॅनवाली मावशी, साठीच्या पुढची, केस बारीक कापलेले, चाल पुरुषासारखी ताडताड. तिने आल्याआल्या गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले, माझ्याशी हात मिळवला आणि इंग्रजीत म्हणाली की वीस वर्षं मीही व्हॅन चालवली आहे, तेव्हा मला पाहुणी समजू नकोस. मागून सैफ आला. जाडा झाला होता. मिठी मारायला हात पसरले त्याने, आणि मी त्याच हातांतल्या दोन्ही बॅगा घेऊन डिकीकडे वळलो.

"काय बे, बोलशीन का नाई?"

"गाडी नो पार्किंगमंधी आहे," मी म्हणालो.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. ओळखीचा माणूस टॅक्सीत बसला तर ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मागे बसतो तो गिऱ्हाईक. हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. सैफने मॅडमसाठी मागचं दार उघडलं, आणि दुसऱ्या बाजूने जाऊन स्वतःही मागेच बसला. माझ्या शेजारची सीट नागपूरपासून मोहर्लीपर्यंत रिकामी आली. तिच्यावर माझा पाण्याचा डबा होता.

बुटीबोरीच्या पुढे मॅडमला डुलकी लागली आणि सैफ बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं.

"तिथला विमानतळ ना, आपल्या चंद्रपूरच्या बसस्टँडएवढा. पण जुलैत एका तासात सात-सात विमानं उतरतेत. सारे डायवर पाट्या घेऊन एकावर एक. ऊन असं का बस, ब्रम्हपुरी परवडली. अन् पाहुणा उतरला का पहिलं काय विचारते, माहीत आहे? सूर्यास्त कुठी दिसते."

"मंग दाखवत जा ना," मी म्हणालो.

"दाखवतो ना. रोज दाखवतो. मी नाई पाह्यला अजून धड. पाहुणे वर चढतेत, मी खाली पार्किंगमंधी. तिथून एका हाटेलचं किचन दिसते."

मोठा झालेला माणूस दुःख सांगतानाही मिरवतोच. 'रोज सूर्यास्त दाखवतो' म्हणे. मी आरशात पाहिलं तर तो खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत होता, जणू काही कपाशी पहिल्यांदाच दिसतेय. मला ते नाटक वाटलं. जामला मी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि मुद्दाम विचारलं, "साखर चालते ना आता?" तो म्हणाला, "काऊन चालणार नाई बे?" आणि दोन कप प्यायला.

मोहर्लीला पोचलो तर रिसॉर्टच्या फाटकाशी बिरजू उभा. बिरजू म्हणजे आमच्याच गावचा, वयाने आठ-नऊ वर्षांनी लहान, जंगलात सफारीची जिप्सी चालवतो. सैफ गाडीतून उतरला तसा हा धावत आला, आणि जी मिठी मी डिकीत टाकली होती ती याने घेतली.

"सैफभाऊ, माह्यं पण पाहा ना," बिरजू हसत हसत म्हणाला. "मी बी पासपोर्ट काढला."

सैफ हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला बाजूला घेऊन मोबाइलवर काही तरी दाखवायला लागला. मॅडमही तिथे गेली. तिघं मिळून हसले. मी बॅगा उतरवत होतो. दोन जड बॅगा मी एकट्याने पायऱ्यांवरून वर नेल्या आणि प्रत्येक पायरीवर मला जास्त स्पष्ट होत गेलं की हे सगळं आधीच ठरलेलं आहे. काम बिरजूचं. मला फक्त गाडी हाकायला बोलावलंय.

घरी दिव्यानीला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"पाठीवर थाप मारली म्हणून काम भेटते का?" ती म्हणाली. "तुम्ही बोलले का सैफसंग?"

"मी काऊन बोलू? तो बोलला का?"

"मंग दोघं बसा आपापल्या घरी मुके."

दुसऱ्या दिवशी मॅडमला चंद्रपूर दाखवायचं होतं. मी ठरवलं, काम दाखवायचं तर आज. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी छान फिरवलं. परकोटाच्या भिंतीवर नेलं, जटपुरा गेटपासून पठाणपुरा गेटपर्यंत. समाध्यांपाशी गोंड राजांची गोष्ट मी अशी रंगवून सांगितली की मॅडम पायरीवर बसली आणि पुन्हा सांग म्हणाली. ती म्हणाली, आमच्या बेटावरही जुना किल्ला आहे, पण आमचे ड्रायव्हर फक्त फोटो कुठून काढायचा तेवढं सांगतात. माझी छाती फुगली. सैफ दिवसभर गप्प होता, दोन पावलं मागे. त्याचंच हे गाव, या भिंतीवर तो लहानपणी पतंग उडवायचा, पण एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, याला माझं चाललेलं बघवत नाही. बघ म्हटलं, जळ आता तूही.

दुपारी जाहिदाचाचीकडे जेवलो. घराला नवीन फरशी, नवा फ्रिज, दिवाणखान्यात सैफचा समुद्रावरचा भलामोठा फोटो. चाचीने मला समोर बसवून वाढलं, सैफच्या आधी. "खा बेटा. तू आताशा येतच नाई. हा तिकडं गेला, अन् तू बी गेल्यासारखाच." मी मान खाली घालून खाल्लं. तिच्या हातच्या बिर्याणीचा हेवा करता येत नाही, ती सगळ्यांना सारखीच मिळते. पण त्या फोटोकडे पाठ येईल असाच मी बसलो.

साडेचारला परत निघालो. दुर्गापूर गेलं, पद्मापूर गेलं, आणि जंगलातला रस्ता लागला.

आमच्या या रस्त्याची एक रीत आहे. कोणाला रस्त्याच्या कडेला वाघ दिसला की समोरून येणाऱ्या गाडीला त्याने डिपर द्यायचा. हेडलाइट दोनदा उघडझाप, मग खिडकीतून हात बाहेर काढून पंजा खाली दाबायचा, म्हणजे हळू जा. बोटं दाखवली तर तितकी जनावरं. ज्याला डिपर मिळाला त्याने गाडी हळू करायची, आपल्या पाहुण्यांना दाखवायचं आणि मागून कोणी येत असेल तर त्यालाही हात बाहेर काढून सांगायचं. वाघ पाहायला मिळावा एवढ्यासाठीच ही रीत नाही. या रस्त्याने गावातले लोक दुचाकीवर जातात, सायकलवर जातात. म्हणून कोणाचं कोणाशी कितीही वाकडं असलं तरी डिपर अडवायचा नसतो. दसरू आणि रामाजी या आमच्यातल्याच दोन ड्रायव्हरांत बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, पण डिपर देतात आणि घेतात.

आगरझरीच्या पुढच्या वळणावर समोरून एक जिप्सी आली. बिरजूची. तिचे दिवे दोनदा चमकले. मग हात बाहेर आला, पंजा खाली दाबला, आणि तीन बोटं. तीन म्हणजे वाघीण आणि दोन पिल्लं.

मला सगळं एका क्षणात दिसलं. मी गाडी हळू करणार, ती नेहमी बसते त्या ओढ्यावरच्या मोरीजवळ वाघीण दिसणार, मॅडम आनंदाने ओरडणार, आणि मग विचारणार की तुला कसं कळलं. मला सांगावं लागणार की बिरजूने सांगितलं. दिवसभर घसा कोरडा करून राजे-महाराजे मी उभे केले, आणि शेवटी नाव बिरजूचं. वर सैफ म्हणणार, पाहा मॅडम, मी सांगत होतो ना.

माझा पाय ब्रेकवर जायला हवा होता. तो ॲक्सिलरेटरवर गेला.

"तो काय म्हणत होता?" मागून मॅडमने विचारलं.

"नमस्कार करत होता," मी म्हणालो. "आमच्याच गावचा आहे." आणि लगेच उजवीकडे हात केला. "तिकडे बघा मॅडम. झाडांमधून इरई धरणाचं पाणी दिसतंय. संध्याकाळी सोन्यासारखं होतं."

मॅडमने मान उजवीकडे वळवली. वीस वर्षं पाहुणे फिरवणाऱ्या बाईला मी पाहुण्यासारखं फिरवलं. डाव्या बाजूला मोरीच्या कठड्यापलीकडे, वाळलेल्या गवतात मला एक पिवळी पाठ दिसली आणि तिच्या मागे दोन कान. एवढंच. गाडी पुढे निघून गेली. मनात एक घाणेरडं समाधान होतं, ते मी नाकारत नाही.

मग मी आरशात पाहिलं. सैफ धरणाकडे बघत नव्हता. तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

त्याच आरशात, त्याच्या डोक्याच्या बाजूला, मागे लांब बिरजूची जिप्सी दिसली. ती वळत होती. मला वाटलं, हा आता पाठलाग करून मॅडमला वाघ दाखवणार. मी गाडी आणखी दामटली. मॅडम मागच्या काचेतून वळून बराच वेळ काही तरी पाहत राहिली. रिसॉर्टवर उतरताना तिने नेहमीसारखा हात मिळवला आणि आजचा दिवस फार चांगला गेला म्हणाली. मी खूश होऊन घरी गेलो. दिव्यानीला सांगितलं की राजांची गोष्ट मॅडमने दोनदा ऐकली. वाघिणीचं काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सफारी होती. जिप्सी नंबराने लागते, कोणाला मागून मिळत नाही, आणि त्या दिवशी नंबर बिरजूचा होता. मला ते फाटकावरच कळलं. घरी बसवेना म्हणून दुपारी अंगणात गाडी धुवायला घेतली. धुतलेली गाडी दुसऱ्यांदा धूत होतो तेव्हा सैफ आला. एकटाच, पायी.

तो कुंपणाच्या दगडावर बसला. मी फडकं पिळत राहिलो.

"काल बिरजूनं डिपर देल्ला," तो म्हणाला.

"मले नाई दिसला."

"दिसला."

मी काचेवर पाणी मारलं. पाणी सगळं खाली उतरेपर्यंत तो थांबला.

"हाव. दिसला," मी म्हणालो.

"काऊन केलं बे असं?"

"बिरजूनं दाखवलेला वाघ मले नोको होता. अजून काय सांगू?"

मला वाटलं तो हसेल. पूर्वी माझ्या अशा बोलण्यावर तो लोळून हसायचा. तो हसला नाही.

"तुह्या मागं आपल्या गावचा मुखरू होता, दुचाकीवर," तो म्हणाला. "पोरगी मागं बसली होती, शाळेचा डिरेस घालून. तुले आरशात दिसला नाई?"

मला फक्त बिरजू दिसला होता. मी तसं म्हणालोही.

"तू हळू केली नाई, हात देल्ला नाई, हे पाहून बिरजू गाडी फिरवून मोरीवर आडवा उभा राह्यला. मुखरूले थांबवलं. वाघीण पिल्लं घेऊन आत जाईपर्यंत वीस मिनिटं उभा होता तो. मॅडमनं काचेतून त्याले वळताना पाह्यलं. तिच्या ध्यानात तवाच आलं काय तरी. मी नाई सांगितलं, अम्मीची कसम. आज सकाळी तिनं त्यालेच इचारलं का काल लाइट कायले मारला. त्यानं सरळ सांगून टाकलं. बिचाऱ्याले वाटलं का तुले डिपर दिसलाच नसन."

"मंग?"

"मंग काय. ते म्हणते, माह्या बेटावर वारं सुटलं का बंदर बंद होते, दरड आली का रस्ता बंद होते. तवा एक डायवर दुसऱ्याले सांगते, यावरच माह्यं सारं चालते. ज्यानं निरोप खाल्ला त्याले मी गाडी नाई देत. गोष्टी मस्त सांगते म्हणाली तुह्या. पण एप्रिलमंधी बिरजू येईन."

फडक्यातून पाणी माझ्या पायांवर गळत होतं. मला राग आला, आणि राग कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून सैफवरच काढला.

"तुले पाह्यजेच होतं ना हे! आल्यापासून मागं बसून राह्यला साहेबासारखा. एक शब्द बोलला नाई माह्यासाठी. बिरजूले गळ्यात घेतलं, फोटो दाखवले. आधीच ठरवून आले तुम्ही!"

"मी मागं बसलो कारण तिनं सांगितलं तसं," सैफ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "ते म्हणे, तू दोस्त आहेस त्याचा, तू जवळ बसला तर त्याले मदत करशीन. दूर राह्य, बोलू नोको, मले त्याचं काम पाहू दे. काल चंद्रपुरात तू राजाची गोठ सांगून राह्यला होता तवा मी मागं उभा राहून हसू दाबत होतो. मले वाटलं, झालं, जिंकला आपला गडी. अन् बिरजूले मी काय दाखवत होतो, माहीत आहे? तो इचारत होता का माह्यं पाहा, तर मी तुह्याच पासपोर्टचा फोटो दाखवला. वहिनीनं पाठवला होता. म्हटलं, बिरजू, पहिला नंबर याचा आहे. तुले पुढच्या साली पाहू."

मी फडकं बोनेटवर ठेवलं.

"दोन वर्षं मी तिच्या मागं लागलो होतो धनराज," तो म्हणाला. "माणूस पाह्यजे तर मोहर्लीचा घ्या, अन् मोहर्लीचा पाह्यजे तर धनराज. कायले, सांगू? तिथी आम्ही पाच जण एका खोलीत राह्यतो. एक बांगलादेशचा, दोघं अल्बानियाचे, एक इजिप्तचा. सारे चांगले आहेत. पण तीन वर्षांत मले कोणी आपल्या बोलीत शिवी नाई देल्ली. माह्यासंग भांडलं नाई कोणी. गाडीतून उतरवून देल्लं नाई." त्याने डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही, कारण मी गाडीच्या चाकाकडे बघत होतो. "ते व्हिडिओ मी कोणासाठी टाकत होतो बे? म्हटलं, हा जळून जळून एक दिवस तरी येईन."

तो उठला. कुंपणाशी थांबला, मला वाटतं मी काही म्हणेन म्हणून. 'सैफ, माफ कर' एवढे शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण तीन वर्षं जे तोंड शिवून ठेवलं होतं ते वेळेवर उघडलं नाही. तो गेला. चौथ्या दिवशी त्यांना नागपूरला सोडायला मॅनेजरने दुसरी गाडी लावली.

एप्रिलमध्ये बिरजू गेला. मे महिन्यात त्याचा पहिला व्हिडिओ आला. टपरीवर लोकांनी पुढे केला, पण मी म्हणालो की घरी पाहतो. या वेळी आवाज बंद केला नाही. दिव्यानी शेजारीच बसली होती.

व्हिडिओत समुद्र होता, पांढरी घरं होती, सूर्य बुडत होता. मी त्यातलं काही पाहिलं नाही. बिरजूने व्हॅन उलटी घेताना भिंतीला घासली होती, आणि सैफ कमरेवर हात ठेवून त्याच्यावर ओरडत होता. "अबे ढोरा, डोळे कुठी ठेवले तुहे? बापाची गाडी आहे का बे? उतर खाली, उतर! चाल आता पायी!" बिरजू हसत होता. ओरडता ओरडता सैफही हसायला लागला, अगदी तसाच, लोळून.

मी तो पुन्हा लावला. मग पुन्हा.

"बेट सुंदर आहे जी," दिव्यानी हळूच म्हणाली.

तिला वाटलं मी बेटासाठी जळतोय. मला बेट नको होतं. ते ओरडणं मला हवं होतं, आणि ते बिरजूला मिळत होतं.